शंभर ग्रॅमचं झुकतं माप

सकाळी सातला दवाखाना उघडला की मी आधी लोखंड जोखतो. वीस-वीस किलोची चार वजनं आहेत, सरकारी शिक्क्याची. ती एकेक करून काट्यावर चढवायची, दांडी ऐंशीवर स्थिर राहते का बघायचं, मग उतरवायची. एवढ्यावर काटा खरा हे कळायला हरकत नाही. पण मी घराचं कुलूपही तीनदा ओढून बघणारा माणूस. त्यामुळे वजनं पुन्हा चढवतो. झाडूवाली मावशी म्हणते, "मिस्त्री, तुमचंच वजन कमी होऊन राहिलं याच्यात." खोटं नाही. आमच्या दवाखान्यात लठ्ठपणावर सुया टोचण्याचा प्रयोग झाला, त्यात सगळ्यांत जास्त बारीक मी झालो, आणि मला एकही सुई लागली नव्हती.

त्या प्रयोगाबद्दल लिहा, असं आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, मी सातवीत शाळा सोडलेली, दिवाळी अंकात काय लिहू? त्या म्हणाल्या, "वजन लिहिता ना, तसंच लिहा. जे दिसेल ते." आता हे त्यांनी मलाच सांगावं यातला टोमणा वाचकांना थोड्या वेळाने कळेल.

माझं गाव कोल्हापूरच्या पार दक्षिणेला, जिथून बेळगाव जवळ आणि नागपूर म्हणजे दुसरा मुलूख. गाव ते नागपूर दीड दिवस मोडतो. मामाच्या ओळखीने नागपूरच्या इतवारी बाजारात काटे दुरुस्त करणाऱ्या वस्तादांकडे आलो, दोन महिन्यांसाठी. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. पहिल्या उन्हाळ्यात मी रोज पळून जायचा बेत करायचो आणि रोज वस्तादांची बायको ताक पुढे करायची. ते ताक पिऊन झालं की पळून जाणं बरं दिसायचं नाही.

वस्तादांनी मला काटा शिकवला. इतवारीत धान्याचे, भांड्यांचे, सोन्याचे, सगळे काटे आमच्या हाताखालून जायचे. काटा खोटा कसा होतो, हे कळल्याशिवाय तो खरा करता येत नाही, म्हणून लबाड्याही शिकवल्या. पण त्याबरोबर एक गोष्ट ते फार मनापासून सांगत. माप देताना पारडं गिऱ्हाइकाकडे जरासं झुकलेलं असावं. डाळ तोलून झाली की वर चार दाणे टाकायचे. "सरळ दांडी हिशेबाची, झुकती दांडी माणसाची," असं ते म्हणत. मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते देवासारखं मनात ठेवलं. पुढचा सगळा घोटाळा त्या देवाने केला.

मग घरोघर, दुकानोदुकान आकडे पेटवणारे काटे आले. ते बिघडले की लोक दुरुस्त करत नाहीत, फेकतात. वस्ताद गेले, दुकान मिटलं. मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर आणि हातात एक पेचकस. त्याच दिवसांत इतवारीजवळच्या या धर्मादाय दवाखान्यातून बोलावणं आलं. नवा कोरा आकड्यांचा काटा एकाच माणसाचं वजन तीनदा तीन प्रकारे दाखवत होता. मी काट्याला हात लावला नाही. खालच्या फरशीवर पाण्याची बाटली आडवी ठेवली, ती घरंगळत गेली. फरशी उतरती होती. मॅडम ते बघत उभ्या होत्या. त्यांनी अडगळीतला जुना दांडीचा काटा मला दुरुस्त करायला लावला आणि वर विचारलं, "मारुतीराव, इथेच राहता का? मला खरं वजन लिहिणारा माणूस हवा आहे." त्या दिवसापासून मी त्यांच्या उपकारात आहे. आणि ही नोकरी जाईल या भीतीतही त्याच दिवसापासून आहे.

प्रयोग असा होता. सुया टोचून वजन कमी होतं असं बरेच लोक सांगतात. पैसे घेऊन टोचणारेही पुष्कळ. मॅडमना बघायचं होतं की यात सुईचा गुण किती आणि मनाचा किती. म्हणून आलेल्या माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला सुया नेमक्या जागी टोचायच्या, दुसऱ्याला जवळपास, पण जिथे टोचून काही होऊ नये अशा जागी. टोचून घेणाऱ्यांना हे आधी सांगितलेलं होतं, पण आपण कुठल्या गटात ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नाही. ते फक्त सुईवाल्या डॉक्टरांना ठाऊक. मला पहिल्यांदा याचा राग आला. म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? मॅडम म्हणाल्या, "तुमच्यावर आहे, तुमच्या दयेवर नाही." मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतात.

दर शनिवारी सकाळी उपाशीपोटी यायचं, माझ्याकडे वजन करायचं, मग आत जाऊन सुया. शिवाय दोन्ही गटांच्या कानात एक बारीक दाणा चिकटपट्टीने लावून देत. भूक लागली की तो दाबायचा. आता नागपूरच्या माणसाला शनिवारी सकाळी उपाशी सोडलं तर तो कुठे जाईल? दवाखान्यासमोरच तर्री-पोह्याची गाडी. सुया काढल्या की सगळे तिथे. एकदा मी खिडकीतून बघितलं. पाचजण हातात प्लेट घेऊन उभे आणि पाचही जणांचा दुसरा हात कानावर. दाणा दाबत होते आणि खात होते. गाडीवाल्याला वाटलं, पोहे इतके चांगले झालेत की लोक कान पकडून राहिले.

यातले एक शेठ. इतवारीत धान्याचा ठोक व्यापार, साठीच्या पुढचे, वजन एकशे बाराच्या घरात. मला वस्तादांच्या दुकानापासून ओळखत. काट्यावर चढण्याआधी ते किल्ल्यांचा जुडगा, मोबाइल, चष्मा, अंगठ्या काढून ठेवत, आणि एकदा तर खिशातली सुपारीसुद्धा. पहिल्या दिवशी घरून पाच किलोचं वजन पिशवीत घालून आले होते, माझा काटा तपासायला. काटा बरोबर निघाला तेव्हा जरा नाराज झाले. म्हणाले, "काय गा मिस्त्री, मले वाटलं इथं तरी दोन-चार किलो काट्यातच निघून जातील."

आणि दुसऱ्या कमलबाई. उमरेडच्या. तरुणपणापासून हातमागावर बसलेल्या, अठ्ठावनाव्या वर्षी दोन्ही गुडघे बाद. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन पंच्याऐंशीच्या खाली आणा, मग ऑपरेशन. पहिल्या दिवशी वजन भरलं एक्याण्णव. एसटीने यायच्या. मी विचारलं, ऑपरेशन झालं की काय करायचं ठरवलंय? मला वाटलं, देवदर्शन वगैरे सांगतील. त्या म्हणाल्या, "मोटरीत आपल्या पायानं चढायचं जी. रोजचा कंडक्टर आता हात देते अन् मनातल्या मनात हासते. मले दिसते."

पहिले तीन शनिवार त्यांचं वजन उतरत गेलं. चौथा आला तो महालक्ष्म्यांच्या जेवणानंतरचा. सोळा भाज्या, पुरण, आंबील. विदर्भात राहून त्या दिवशी नको म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. कमलबाई काट्यावर चढल्या. आमच्या काट्याच्या दांडीचं तोंड माझ्याकडे होतं, उभ्या असलेल्या माणसाला ती दिसायची नाही. मागच्या वेळी एकोणनव्वद किलो दोनशे होतं. दांडी सांगत होती सहाशे.

"वाढलं का जी?" त्यांनी विचारलं, आणि पदर आधीच डोळ्यांना लावला.

मी म्हटलं, "नाही. मागच्या इतकंच."

आणि कार्डावर तेच लिहिलं. चारशे ग्रॅम. डाळीवर चार दाणे टाकावेत तसे. मला वाटलं, पुढच्या आठवड्यात उतरेलच, तेव्हा सारखं करून टाकू. काट्याच्या धंद्यात आयुष्य गेलं, पण हे सुचलं नाही की एकदा खोटं लिहिलेलं वजन दर आठवड्याला सोबत वागवावं लागतं. पुढच्या शनिवारी त्या खरंच तीनशेने उतरल्या होत्या. पण खरं लिहिलं असतं तर कार्डावर ते शंभराने वाढलेलं दिसलं असतं. म्हणून आणखी कमी लिहिलं. त्या खूश झाल्या. मला म्हणाल्या, तुमच्या हाताला गुण हाय. त्यापुढच्या आठवड्यात त्या खुशीपायी थोडं आणखी. मी खऱ्या वजनाचा आकडा माझ्या खिशातल्या वहीत वेगळा लिहून ठेवायचो, कारण खोटा आकडा लिहून झोप लागायची नाही. तसा खरा लिहूनही लागत नव्हती.

अकराव्या शनिवारी दांडी सांगत होती सत्त्याऐंशी किलो शंभर. मी कार्डावर लिहिलं चौऱ्याऐंशी आठशे. कमलबाई काट्यावरून उतरल्या त्या काठी न घेताच. पिशवीतून वांगी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या की आता हे कार्ड हाडाच्या डॉक्टरांकडे द्यायचं, तारीख घ्यायची. कार्डावर दवाखान्याचा शिक्का हवा होता. मी म्हटलं, सोमवारी टपालाने पाठवतो. शिक्का टेबलावर माझ्या हाताशी होता.

त्या आत गेल्यावर शेठ काट्यावर चढले नाहीत. रांग माझ्या पाठीमागून लागायची, तिथे ते पहिलेच उभे होते. खुर्ची ओढून बसले आणि हळूच बोलले.

"मिस्त्री, दांडी सत्त्याऐंशी सांगून राहिली होती. तुम्ही काहून चौऱ्याऐंशी लिहिलं?"

मी म्हटलं, तुमचा चष्मा काढलेला आहे.

"दूरचं दिसते मले. चाळीस वर्षं झाली, गिऱ्हाईक आमच्या तोंडाकडे पाहते, आम्ही दांडीकडे पाहतो." मग म्हणाले, "हे पाहा. डाळ कमीजास्त झाली तं वरण पातळ होते, बस. पण तिले बेहोश करतील. ते औषध वजनावर देतात ना?"

मी शिक्का उचलून खणात टाकला. शेठ मात्र उठून काट्यावर चढले आणि म्हणाले, माझं आज नीट पाहा, मी काही वांगी आणली नाहीत.

रविवारभर मी राजीनामा लिहिला. चारदा लिहिला, कारण 'कृपया' हा शब्द दर वेळी वेगळा दिसत होता. सोमवारी मॅडमच्या टेबलावर तो ठेवला, शेजारी खिशातली वही ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. आई गेली तेव्हा गावी पोचायला मला उशीर झाला होता, त्या दिवशीही माझी मान एवढी खाली नव्हती. मॅडमनी वहीतली पानं एकेक करून कार्डाशी ताडून पाहिली. मग विचारलं, "फक्त यांचंच?"

इथे 'हो' म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण आता लपवायची ताकद राहिली नव्हती. मी सांगितलं की एवढं मोठं खोटं फक्त कमलबाईंचं. पण तसं झुकतं माप मी सगळ्यांनाच देत होतो. दांडी दोन खुणांच्या मधे राहिली की खालची खूण धरायची आणि वरून शंभर ग्रॅम सोडायचे. दवाखान्यात गिऱ्हाईक म्हणजे पेशंट, आणि त्याला हवं असतं कमी, म्हणून मी कमीकडे झुकवत होतो. वस्तादांची शिकवण.

मॅडमनी वही मिटली.

"अगदी पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"परवापर्यंत? सगळ्यांना सारखंच?"

"सारखंच. लहान-मोठा भेद मी करत नाही."

त्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं. पण त्या हसत होत्या, म्हणजे रागावल्याही होत्या आणि हसतही होत्या. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. सुरुवातीच्या वजनातही शंभर ग्रॅम कमी, परवाच्यातही शंभर कमी, मग वजाबाकी केली की ते शंभर उडून जातात. आणि कोण कुठल्या गटात ते मला माहीत नसल्यामुळे माझी दया दोन्ही गटांवर सारखीच सांडली होती. "तुम्हाला चिठ्ठ्या ठाऊक असत्या तर आपण बुडालो असतो," त्या म्हणाल्या. "ज्यांना खऱ्या सुया, त्यांना तुम्ही दोनशे दिले असते." तेव्हा मला कळलं की पहिल्या दिवशीची ती चेष्टा नव्हती.

कमलबाईंच्या बाबतीत मात्र त्यांनी माझं ऐकलं नाही. वहीत खरे आकडे असूनही त्यांचं नाव हिशेबातून काढलं. मागून आणलेला आकडा चालत नाही, असं म्हणाल्या. भुलीच्या औषधाबद्दल विचारलं तर कळलं की ऑपरेशनच्या आधी तिथे पुन्हा वजन करतातच, दोन किलोंनी तिथे जीव जात नसतो. म्हणजे कमलबाई उपाशीपोटी, कपडे बदलून, सगळ्या तयारीनिशी त्या काट्यावर चढल्या असत्या आणि तिथून परत पाठवल्या गेल्या असत्या. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्त वाईट वाटलं.

राजीनामा मॅडमनी परत केला. म्हणाल्या, यावर तारीख नाही, तारीख टाकून आणा, पुढच्या वर्षी बघू. आणि मग चष्मा काढून एवढंच बोलल्या, "त्यांना मात्र तुम्हीच सांगायचं. त्यांच्या घरी जाऊन."

मी उमरेडची एसटी पकडली. बसायला जागा असून उभा राहिलो.

कमलबाईंच्या घरात मागावर गाद्यांची चवड रचलेली होती. त्यांनी मला बघून चहा टाकला, सुनेला हाक मारून सांगितलं की हे काट्यावाले भाऊ, यांच्या हाताले गुण हाय. मी चहा येण्याआधीच बोलून टाकलं, नाहीतर चहा पिऊन झाल्यावर बोलणं बरं दिसलं नसतं. खरं वजन सांगितलं. अजून दोन किलोच्या वर बाकी आहे, हेही सांगितलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मागाच्या लाकडाला धरून उभ्या राहिल्या आणि गुडघ्याकडे बघून बोलल्या.

"मी याले रोज शिव्या देऊन राहिली होती जी. म्हणे, वजन एवढं कमी झालं, मग तू काहून दुखते? नाटक करते का? मी गुडघ्याले खोटं समजली, अन् काट्याले खरं."

मी म्हटलं, काटा खरंच बोलत होता. मी खोटं बोललो.

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. चहा मला मिळाला. साखर नव्हती. मुद्दाम की विसरून, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बाराव्या, शेवटच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. मी पुन्हापुन्हा दारात जाऊन बघितलं. शेठ म्हणाले, येईल गा, उधळलेलं गिऱ्हाईक उशिरा येते पण त्याच दुकानात येते. पुढच्या शनिवारी त्या आल्या. प्रयोग संपला होता, सुया बंद झाल्या होत्या. त्यांनी काट्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "हे तोंड इकडे फिरवा. मले वाचायले शिकवा."

मी काटा फिरवला. दांडी त्यांच्याकडे केली. मोठं वजन दहा-दहाच्या खाचेत कसं बसतं, छोटं सरकवून किलो आणि ग्रॅम कसे बघायचे, दांडी हलायची थांबल्याशिवाय आकडा का धरायचा नाही, सगळं सांगितलं. आयुष्यभर धागे मोजलेली बाई ती, एका दमात शिकली. त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात काटा तसाच फिरवलेला आहे. माणूस आपला आकडा आपण वाचतो, मी लिहितो. माझा पगार त्याच कामाचा आहे, फक्त काम निम्मं राहिलं.

प्रयोगाचं काय झालं, ते राहिलंच. दोन्ही गटांचं वजन थोडं थोडं उतरलं होतं, जवळपास सारखंच. म्हणजे नेमक्या जागी टोचा की भलतीकडे, फार फरक दिसला नाही. माणसं थोडी म्हणून छातीठोक काही सांगता येत नाही, असं मॅडमनी लिहिलं. सुईवाले डॉक्टर दोन दिवस चहाला आले नाहीत. शेठचं मत वेगळं. ते म्हणतात, दर शनिवारी कोणीतरी आपली वाट पाहते, विचारते, अन् लिहून घेते, याच्यानंच माणूस शुक्रवारी कमी खाते. हे मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग त्याचाही प्रयोग करावा लागेल. अहवालात शेवटी एक ओळ आहे, वजन करणाऱ्याच्या चुकीबद्दल. नाव नाही. तरी ते पान मी गावी भावाला दाखवायला नेलं होतं. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाबद्दल छापील ओळ आमच्या घरात ती एकच.

कमलबाईंनी नंतर पाच महिने घेतले. कुठलीही सुई नाही, कानात दाणा नाही. एका शनिवारी त्यांनी स्वतः छोटं वजन सरकवलं, दांडी थांबेस्तोवर श्वास धरला आणि वाचलं, "चौऱ्याऐंशी, नऊशे." मी दोनदा खात्री केली, त्यांनी तीनदा. ऑपरेशन झालं. मग कितीतरी दिवस त्यांची काही खबर नव्हती.

गेल्या महिन्यात दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढून त्या आत आल्या. मी खुर्ची पुढे केली, तर ती बाजूला सारून सरळ काट्यावर गेल्या. म्हणाल्या, आज मोटरीत आपल्या पायानं चढली, अन् कंडक्टर तिकीट द्यायले विसरला. मग दांडीकडे बघितलं. ऑपरेशननंतर बसून खाल्लेलं होतं. सत्त्याऐंशी किलो शंभर. अकराव्या शनिवारी मी जो लपवला होता, नेमका तोच आकडा.

माझा पेन जागच्या जागी थांबला. तीस वर्षांचं वळण आहे हाताला.

"लिवा जी," त्या म्हणाल्या. "वाढलं तं वाढलं. माझंच हाय."

मी लिहिलं. शंभरसुद्धा सोडले नाहीत.